लॅमिवुडीन की एन्टेकाविर, आर-चॉपच्या वेळी कुठली बरी?

फोंड्याचा मावसभाऊ विचारत होता, काकांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), बांबोळीच्या हॉस्पिटलात आर-चॉप (रिटुक्सिमॅब धरून दिली जाणारी किमो) सुरू होणार आणि टेस्टमध्ये हेपटायटिस बी निघालाय, आता लिव्हर सांभाळायला कुठली गोळी.

व्हायरस दाबून ठेवणाऱ्या या दोन गोळ्यांत लॅमिवुडीन स्वस्त, वाद नाही. पण रिटुक्सिमॅब बी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) मारतं, दबलेला व्हायरस परत उठतो, कावीळ झाली की किमो थांबते, कधी कधी लिव्हरच बसतं, मग वाचवलेले पैसे काय कामाचे? लॅमिवुडीनला व्हायरस लवकर सरावतो, वर्षभरात साधारण 20 टक्के लोकांत, एन्टेकाविर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत 5 वर्षांतही जेमतेम 1 टक्का. 2014 मधल्या चीनच्या ट्रायलमध्ये आर-चॉपवाल्यांत व्हायरस उठला तो लॅमिवुडीनवर 30 टक्के, एन्टेकाविरवर 6.6.

कटकट एवढीच की एन्टेकाविर रिकाम्या पोटी, आधी-नंतर 2 तास खाणं नाही, आणि आमच्याकडे उठल्या उठल्या पाव-भाजी लागते! मग रात्री झोपताना घ्या. किडनी कमजोर असली तर डोस दोन्हींचा बदलतो. आणि कुठलीही घ्या, किमो संपल्यावर निदान वर्षभर चालूच, मनाने बंद करायची नाही.

काकांसारख्यांना एन्टेकाविरच. लॅमिवुडीन दुसरं काही मिळतच नसेल, व्हायरस कमी आणि उपचार थोडक्यात आटपणारा असेल तर, तेही डॉक्टरांना विचारून.