बाबांच्या जुन्या शेअर्सपायी १,०५,०७० रुपये घालवले

बाबा गेल्यावर त्यांचे अडकलेले शेअर्स सोडवून देतो म्हणत एका भामट्याने आम्हाला फसवलं. आकडे आधीच सांगून टाकते. ४,५०० रुपये 'फाइल उघडायचे', २८,००० 'कोर्टाच्या वारस दाखल्याचे', ६१,५०० 'आयईपीएफचं परत मिळणारं डिपॉझिट' (आयईपीएफ म्हणजे न घेतलेले लाभांश आणि शेअर्स जिथे जमा होतात तो सरकारी निधी) आणि त्या डिपॉझिटवर १८ टक्के जीएसटी, ११,०७०. एकूण १,०५,०७०. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी! मी हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब बघते. दिवसाला चाळीस बिलं हातातून जातात, आणि हे बिल मी मुकाट्याने भरलं.

फोन आईला आला होता. "काकू, काकांचे २२० शेअर अडकलेत, लाभांश धरून चार लाख दहा हजार होतात." फोलिओ नंबर (कंपनीच्या दफ्तरातला भागधारकाचा क्रमांक) बरोबर, शेअर्सची संख्या बरोबर, आम्ही सोडून अठरा वर्षं झालेल्या घराचा पत्तासुद्धा बरोबर. आम्हाला वाटलं, एवढं माहीत असलेला माणूस कंपनीचाच असणार. नाही. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही की कंपनी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे तो आणि ते शेअर्स आयईपीएफकडे जातात. त्याआधी कंपनीला अशा भागधारकांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकावीच लागते, नाव, फोलिओ आणि शेअर्सच्या संख्येसकट. यादी कुणालाही उघडता येते. हे लोक ती उघडतात आणि मग नाव घेऊन घर शोधतात. तुमच्या माणसाचा फोलिओ नंबर कुणी घडाघडा म्हणून दाखवला, तर त्याने ती यादी वाचली आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता खरी प्रक्रिया ऐका, म्हणजे आमचे पैसे कशाकशाचे घेतले ते कळेल. आयईपीएफ-५ हा अर्ज कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरतात. त्याला शुल्क नाही. शून्य. डिपॉझिट नावाचा प्रकार तिथे नाहीच. त्याआधी कंपनीच्या आरटीएकडे, म्हणजे कंपनीचं शेअर्सचं दफ्तर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, वारसाने कागद द्यायचे: मृत्यूचा दाखला, आयएसआर-१ (केवायसी), आयएसआर-२ (बँकेने साक्षांकित केलेली सही), आयएसआर-५ (वारसाच्या नावे करण्याची मागणी), इतर वारसांचं ना-हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बाँड. ते तपासून आरटीए एन्टायटलमेंट लेटर, म्हणजे हक्काचं पत्र, देतं. ते जोडून आयईपीएफ-५ भरायचा. एसआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. मग त्याची छापील प्रत, बाँड आणि मूळ शेअर प्रमाणपत्रं पाकिटात घालून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायची. आयईपीएफ प्राधिकरणाला नाही, कंपनीला. कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल पाठवायचा असतो. शेवटी शेअर्स वारसाच्या डीमॅट खात्यात येतात, म्हणून ते खातं आधी काढून ठेवा. कागदी प्रमाणपत्र परत मिळेल अशी वाट बघू नका.

आणि तो २८,००० चा वारस दाखला? तो आम्हाला लागतच नव्हता. कागदी शेअर्स असतील आणि त्या एका कंपनीतली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर कोर्टाच्या दाखल्याशिवाय प्रतिज्ञापत्र, ना-हरकत आणि बाँडवर काम होतं. आमची किंमत ४,१०,०००. म्हणजे मुळात नको असलेला कागद विकला, तोही खोटा. खऱ्या प्रकरणात कोर्ट नोटीस काढतं, हरकती मागवतं, अर्जदाराला शपथेवर बोलावतं. आम्हाला एकदाही कुणी कोर्टात बोलावलं नाही. कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला असतो तो सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मागितला असता आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर टाकून बघितला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. कोर्टाचा दाखला 'बावीस दिवसांत' देणारा माणूस भेटला तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो क्षण वेगळाच आहे. ६१,५०० भरताना क्यूआर कोड आला. स्कॅन केला, आणि पडद्यावर नाव आलं एका बाईचं. त्याने सांगितलेल्या फर्मचं नाही, प्राधिकरणाचं तर नाहीच. नावाखाली 'बँकिंग नेम'. मी थांबले. खरंच थांबले, अंगठा वर धरून. फोनवर त्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमचं आहे, फर्मचं खातं ऑडिटमध्ये लॉक आहे." दुकानात एखाद्या पुरवठादाराने असं सांगितलं असतं तर मी त्याला हाकलला असता. पण त्या दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, भाऊ परगावी, आणि आधीचे ३२,५०० गुंतलेले. तेच तर त्यांचं गणित. पिन टाकला. नंतर बिल आलं, त्यावर जीएसटी क्रमांक. तो मोजला मी दोन महिन्यांनी. १४ अक्षरं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, हे मी झोपेतही सांगते.

त्याने पाठवलेल्या अर्जाच्या पोचपावतीवर राजमुद्रा होती, जरा आडवी ताणलेली. एसआरएनच्या जागी नुसते आकडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळ शेअर प्रमाणपत्रं आणि आईने सही केलेला कोरा आयएसआर-५ आम्ही त्याला कुरियरने दिला. कोऱ्या फॉर्मवर सही आणि रद्द केलेला चेक एकत्र देणं म्हणजे तिजोरी उघडून द्यायची आणि वर पाणी विचारायचं. आधारच्या प्रतीवर तिरकं लिहा: 'फक्त अमुक कंपनीच्या शेअर हस्तांतरासाठी', खाली तारीख. क्रमांक झाकलेलं आधारच द्या.

आता यंत्रणा. शेवटचा हप्ता भरल्यावर १९ दिवसांनी आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, कारण तोवर 'फाइल मंजुरीत आहे' यावर विश्वास होता. पैसे त्याच दिवशी पुढे गेलेले. १९३० चा खरा उपयोग पहिल्या काही तासांत. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नाही. नियमात बँकेचं बरोबर आहे, तेच जास्त झोंबतं. पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरला जा. सायबरने सांगितलं, तुम्ही कागद दिलेत, व्यवहार ठरवून केलात, हे आर्थिक गुन्ह्याचं. तिथे म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यातल्या साहेबांनी आईला विचारलं, "एवढं शिकलेली मुलगी असून दिलेच कसे?" सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या, 'स्कोअर्स' या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली, तर उत्तर आलं की संबंधित इसम नोंदणीकृत मध्यस्थ नाही. नोंदणीकृत असता तर फसवला असता कशाला! पंधरा दिवसांत सहा खिडक्या फिरलो आणि हातात आली ती एका पानाची पोच.

गुन्हा नोंदवत नसतील तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोच जपा, आणि तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, ते अर्जात लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा कुठे टेबलावरचा सूर बदलला.

मूळ प्रमाणपत्रं गेल्यामुळे आरटीएने एफआयआरची प्रत मागितली. पोलीस देत नाहीत, हे त्याशिवाय घेत नाहीत. शेवटी सेबीचं मे २०२२ चं परिपत्रक काढून दाखवलं: ५ लाखांपर्यंतच्या हरवलेल्या प्रमाणपत्रांना एफआयआर आणि जाहिरात लागत नाही. मग म्हणाले, "ठीक आहे, मेल करा." त्याच मेलमध्ये हेही लिहा की या फोलिओवर आमच्या नोंदवलेल्या मेल आणि मोबाइलखेरीज कुणाकडून आलेले कागद स्वीकारू नयेत.

आणखी दोन गोष्टी अडतात. जुन्या प्रमाणपत्रावर बाबांची आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव. दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि आयएसआर-२ वर सही करायला बँकेचे व्यवस्थापक कां-कूं करतात. खातं ज्या शाखेत आहे तिथेच जा, पासबुक घेऊन, महिनाअखेर टाळून. बाँडला महाराष्ट्रात ५०० चा मुद्रांक, १०० चा चालत नाही.

नंतर कळलं की आयईपीएफ आणि सेबीने १ जून २०२५ ला पुण्यात निवेशक शिविर भरवलं होतं, याच कामासाठी, फुकट. आमच्या घरापासून रिक्षाचे जेमतेम शंभर रुपये. आम्ही तेव्हा 'डिपॉझिट' परत येण्याची वाट बघत होतो.

दुसऱ्या खेपेला सगळं स्वतः केलं. मुद्रांक, नोटरी, कुरियर, झेरॉक्स धरून २,१४० रुपये. अकरा आठवड्यांनी एन्टायटलमेंट लेटर आलं, आईच्या नावात एक 'ए' जास्त घालून. काल दुरुस्तीला परत पाठवलं.