फॅनफिकवरची टीका: खुल्या कमेंटमध्ये घ्यायची की आधीच बीटाकडून? दोन्ही करून बघितल्यावर

मामेबहीण परवा फोनवर विचारत होती, दादा, पहिली फॅनफिक टाकतेय, वर नोटमध्ये काय लिहू? 'कॉन्क्रिट वेलकम', म्हणजे सुधारणा सुचवणारी टीका चालेल असं लिहू, की 'सुधारणा सुचवू नका प्लीज' लिहू? मी सांगायला लागलो आणि तिची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, रेंज गेली, ते राहूनच गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, कारण मलाही चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता आणि मी दोन्ही रस्ते चालून बघितलेत. फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिकेतली, पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट, आणि बीटा म्हणजे ती पोस्ट करायच्या आधी वाचून चुका सांगणारा माणूस.

तर पर्याय दोन. पहिला म्हणजे दार उघडं ठेवायचं, ज्याला जे खटकलं ते त्याने कमेंटमध्ये लिहावं, मग ते शुद्धलेखन असो, पात्र असो, प्लॉट असो. दुसरा म्हणजे कमेंटमध्ये फक्त प्रतिक्रिया, आणि सुधारणा जी काय व्हायची ती पोस्ट करायच्या आधी एकदोन विश्वासाच्या माणसांकडून, म्हणजे बीटाकडून करून घ्यायची.

आता तुम्ही कुठे टाकताय त्यावरही बरंच आहे. फॅनफिक्शन डॉट नेट ही साइट १९९८ पासूनची, तिथे कमेंटला नावच रिव्ह्यू, आणि त्या काळातले लेखक समरीच्या शेवटी 'आर अँड आर' लिहायचे, म्हणजे वाचा आणि रिव्ह्यू द्या. रिव्ह्यू म्हटल्यावर चूक काढणं त्यात आलंच ना. एओथ्री, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची साइट, २००९ मध्ये सगळ्यांना खुली झाली, तिथे कुडोजचं, म्हणजे आवडल्याचं बटण, एका गोष्टीला एका माणसाचा एकच कुडोज, आणि नावडल्याचं बटणच नाही. कमेंट आधी स्वतः बघून मग दिसू द्यायच्या किंवा पूर्ण बंद करायच्या हेही लेखकाच्या हातात. तिथला साधारण रिवाज असा की लेखकाने मागितलं नसेल तर चुका दाखवायच्या नाहीत, आवडलं नाही तर बॅक दाबायचं. वॉटपॅडवर ओळीओळीला कमेंट टाकता येते, तो वेगळाच प्रकार. आणि प्रतिलिपीवर पाच ताऱ्यांचं रेटिंग असतं, त्यामुळे माझा आपला अंदाज असा की आपले बरेच मराठी वाचक तीच सवय घेऊन दुसरीकडेही येतात, गोष्ट वाचली की मार्क द्यायचे. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, पण फॅनफिक ही कोणी पैसे देऊन घेतलेली वस्तू नाही, लिहिणारा रात्री जेवणं झाल्यावर बसून फुकट लिहितो आणि तेवढ्याच प्रेमाने वाटतो, हा फरक लक्षात घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

खुल्या दाराचे फायदे आहेत, ते नाकारणार नाही. माझ्या पहिल्या गोष्टीत चाळीतली एक काकू होती, एका वाचकाने लिहिलं की ही काकू वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखी बोलते. लागलं मनाला, पण खरं होतं. त्या दिवसापासून मी संवाद मोठ्याने वाचून बघतो. अनोळखी माणूस भीड ठेवत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय जो चूक दाखवतो तो निदान नीट वाचतो तरी.

पण अशी कमेंट क्वचित. बहुतेक 'राग मानू नका पण' ने सुरू होतात आणि मग कळतं की त्यात लिखाणाबद्दल काहीच नाही, 'हा असं वागणारच नाही', 'त्या दोघांना एकत्र आणायला हवं होतं', म्हणजे त्यांना वेगळी गोष्ट हवी होती. किंवा मग 'मेरी सू' म्हणून शिक्का मारतात, म्हणजे लेखिकेने स्वतःलाच सर्वगुणसंपन्न नायिका करून गोष्टीत घातलंय. हा शब्द १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका स्टार ट्रेक फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकात, छोटं विडंबन लिहिलं त्यातून आला. तेव्हा तो फॅन लोकांनी आपल्यातल्याच एका सवयीवर ठेवलेलं बोट होता, पण पुढे पुढे कुठल्याही नव्या मुलीच्या कुठल्याही हुशार नायिकेवर तो फेकला जायला लागला. सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा काहीतरी लिहिलं आणि तिला पहिलीच कमेंट ही आली तर ती दुसरं प्रकरण लिहील का, सांगा.

तरी मी दार उघडंच ठेवलं होतं. माझं मत बदललं ते ट्राममुळे.

एका जुन्या मालिकेतली जोडी उचलून मी १९६५ च्या गिरगावात ठेवली होती. सातव्या प्रकरणात तो मुंबई सोडून चाललाय आणि ती त्याला दादर टीटीपर्यंत सोडायला जाते, ट्रामने. ट्राम हळू चालते, म्हणून त्यांना बोलायला वेळ मिळतो, आणि बोलत कोणीच नाही. ती हातातलं तिकीट चुरगळत राहते, टीटी येईपर्यंत त्याचा लगदा होतो. आजी ट्रामच्या गोष्टी सांगायची त्यातून हे सुचलं होतं, आणि तेवढ्या दोन पानांवर मी तीन आठवडे बसलो होतो.

पोस्ट केल्यावर वीस मिनिटांत कमेंट. राग मानू नका, पण मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, १९६५ मध्ये ट्राम नव्हती, थोडा अभ्यास करून लिहा, निंदकाचं घर असावं शेजारी.

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. मी आभार मानले. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं माझे आजोबा बेस्टमध्ये होते, हो चौसष्टलाच बंद झाली, तिसऱ्याने ट्रॉलीबसचा विषय काढला, चौथा १८७४ च्या घोड्यांच्या ट्रामपर्यंत मागे गेला. रात्रीपर्यंत एकोणीस कमेंट, त्यात त्या दोघांबद्दल फक्त दोन.

मग दुरुस्त करायला बसलो. गोष्ट वर्षभर मागे न्यावी म्हटलं तर तिसऱ्या प्रकरणातलं अख्खं भांडण शास्त्रीजींनी सांगितलेल्या सोमवारच्या उपासावर उभं होतं, घरात सोमवारी रात्री चूल पेटत नाही आणि नेमका पाहुणा येतो, आणि ते पासष्टचंच, हलवता येईना. शेवटी ट्रामच्या जागी बस घातली. पण बस भरभर जाते, गर्दी असते, ती शांतता राहिलीच नाही, तिकिटाचा लगदा व्हायलाही वेळ पुरेना. बरं, ज्यांनी सबस्क्राइब केलं होतं त्यांना नव्या प्रकरणाचा मेल जाऊन त्यांचं वाचून झालेलं, दुरुस्तीचा मेल काही जात नाही, त्यांच्या लेखी ती चूक तशीच. आणि नवीन माणूस येतो तेव्हा गोष्टीत बस आहे आणि खाली एकोणीस कमेंट ट्रामवर. लोकांच्या कमेंट उडवणं मला बरं वाटत नाही, त्यामुळे त्या अजून तिथेच आहेत. अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारतं, इथे ट्राम कुठेय?

मला सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटली सांगतो. हीच गोष्ट मी आखत असताना कोणी कानात सांगितली असती, तर मी सगळं मार्च १९६४ मध्ये नेलं असतं, उपासाच्या जागी दुसरं भांडण शोधलं असतं, आणि त्या दोघांना शेवटच्या ट्राममध्ये बसवलं असतं. त्या माणसाने मला गोष्टीतला सगळ्यात चांगला प्रसंग आणून दिला होता, पण अशा वेळी, जेव्हा तो वापरताच येणार नव्हता.

त्यानंतर बीटा. माझा कॉलेजचा मित्र आहे, डोंबिवलीला राहतो, स्वतः लिहीत नाही पण वाचन दांडगं. प्लॉट चार ओळींचा असतो तेव्हापासून त्याला दाखवतो. गूगल डॉकमध्ये कमेंट टाकतो, कंटाळा आला की गाडीतून व्हॉइस नोट पाठवतो, मागे 'पुढील स्टेशन ठाणे' ऐकू येत असतं आणि हा ओरडत असतो, "अरे ए, तिसऱ्या पानावर हिला घरातून बाहेर काढलीस आणि चौथ्या पानावर ती स्वयंपाकघरात कशी?" त्या अनोळखी माणसापेक्षा हा कितीतरी जास्त बोलतो मला, अक्षरशः सोलून काढतो, पण मला एकदाही तसं लागलेलं नाही. कारण तेव्हा सगळं ओलं असतं, बदलता येतं.

लहानपणी चाळीच्या गणपतीत नाटक करायचो ना, तालमीला बसवणारे काका काय वाटेल ते बोलायचे, एकेक वाक्य वीसवीसदा म्हणून घ्यायचे, कोणाला राग आला नाही. पण प्रयोगाच्या दिवशी समोरच्या रांगेतल्या एकाने मध्येच उठून एका मुलाचा 'ण' सुधारला होता. मुलगा पुढचं वाक्य विसरला, मग त्याच्या समोरचाही विसरला. उच्चार चुकलाच होता, प्रश्न तो नव्हता.

बीटाचेही तोटे आहेत, सांगितलेच पाहिजेत. मराठीत लिहिणाऱ्याला बीटा मिळणं सोपं नाही, तुमची मालिका बघितलेला आणि मराठी नीट वाचणारा असा माणूस शोधायला मला चार महिने लागले. त्याला नोकरी आहे, घर आहे, कधी पंधरा दिवस ड्राफ्ट तसाच पडून राहतो, इकडे वाचक विचारतात पुढचं कधी. आणि फार काळ एकच बीटा असला की तुमच्या सवयी त्याच्याही अंगवळणी पडतात, मग त्याला त्या दिसत नाहीत. म्हणून मी आता दोघं ठेवलेत, दुसरी एक ऑफिसमधली ताई, ती मालिका न बघितलेली, तिला काही कळलं नाही की समजायचं मी नीट लिहिलेलं नाही.

तुम्हाला कदाचित पहिलाच रस्ता मानवेल. ज्यांना रोज लिहून रोज टाकायचं असतं, किंवा ज्यांना खरंच कातडी जाड करून घ्यायचीय त्यांनी दार उघडं ठेवावं, काही बिघडत नाही. फक्त तसं असेल तर नोटमध्ये नेमकं लिहा, 'संवाद कसे वाटले ते सांगा' किंवा 'तारखा चुकल्या असतील तर मेसेज करा', नुसतं 'कॉन्क्रिट वेलकम' लिहिलं की सगळं गाव येतं. आणि वाचक म्हणून तुम्हाला कोणाची चूक दिसलीच तर आधी एका ओळीत विचारा, एक तपशील खटकला, सांगू का? तो हो म्हणाला तर त्याला खाजगीत सांगा. मी हल्ली तेच करतो, आणि नको म्हणाले तर गप्प बसतो.

मामेबहिणीला मी शेवटी मेसेज केला की नोटमध्ये 'वाचून काय वाटलं ते सांगा' एवढंच लिही, आणि ड्राफ्ट आधी मला पाठव. तिने रात्री पाठवलाही, बावीस पानं.

माझी नवी गोष्ट ३१ मार्च १९६४ ची आहे. वेगळी माणसं, पण बोरीबंदर ते दादर, तीच ट्राम, आणि तिकीट पुन्हा तिच्या हातात, चुरगळलेलं. ड्राफ्ट मित्राकडे गेला होता, काल त्याची व्हॉइस नोट आली, "अरे, शेवटच्या ट्रामचं तिकीट आहे ते. ती चुरगळेल कशाला? ब्लाउजमध्ये खोचून घरी नेईल." मी ते वाक्य काढलं.