नोकरी सोडून शिकावं की आहे तिथेच विभाग बदलावा?

अकाउंट्समधून डेटा अ‍ॅनालिसिसकडे वळू पाहणाऱ्या एका मैत्रिणीचा हा प्रश्न. पैशांचं गणित सरळ आहे: विभाग बदलला तर पगार चालू राहतो, नोकरी सोडली तर फीसोबत घरखर्चाचीही तरतूद लागते, आणि कोर्स संपताच काम मिळेल असं धरून चालू नये. सलग अभ्यासाला मात्र पूर्णवेळ शिक्षणच सरस.

खरा फरक अनुभवाचा. मुलाखतीत नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष केलेल्या कामाला जास्त वजन असतं, आणि ते विभाग बदलून लवकर हाती येतं. अर्थात तशी जागा रिकामी हवी, वरिष्ठांनी सोडायलाही हवं.

जुन्या कामाची माहिती नव्या कामात उपयोगी पडणार असेल, तर आधी आतूनच प्रयत्न करा. वैद्यकीय किंवा वकिलीसारख्या, पदवी सक्तीची असलेल्या क्षेत्रात जायचं असेल, तर रीतसर शिक्षणच घ्यावं लागेल.