चौकशीला बसताना: दरडावणी की विश्वास?

कारखान्यातलं सूत कमी भरलं किंवा पतसंस्थेची रोजकीर्द जुळली नाही की चौकशी कुणाच्या तरी गळ्यात पडते. ती तुमच्याकडे आली असेल तर पहिला निर्णय हाच: समोरच्याला चोर धरून बोलायचं की आधी त्याचा विश्वास मिळवायचा?

पहिल्या रीतीचं बांधेसूद रूप म्हणजे अमेरिकेतली नऊ पायऱ्यांची 'रीड पद्धत'. त्यात दोषी कोण हे आधीच ठरलेलं असतं, नकार मध्येच तोडायचा आणि कबुलीपर्यंत न्यायचं. आपल्याकडे तिचं घरगुती रूप म्हणजे "सही कर, पोलिसांत देत नाही." वीस मिनिटांत कागद हातात येतो. मालकाला तेवढंच हवं असतं.

पण कागद हातात आला म्हणजे खरं कळलं असं नाही. ब्रिटनमध्ये 'गिल्डफर्ड फोर' आणि 'बर्मिंगहॅम सिक्स' या खटल्यांतली निरपराध माणसं दबावाखालच्या कबुल्यांवर 1975 मध्ये तुरुंगात गेली आणि 1989 व 1991 मध्ये सुटली. अशा प्रकरणांतून शिकून तिथल्या पोलिसांनी 1992 मध्ये 'पीस' पद्धत आणली. तयारी, ओळख आणि खुलासा, माणसाचं म्हणणं, समारोप, मूल्यमापन असा तिचा क्रम आहे. आपल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 22सुद्धा अधिकारपदावरच्या माणसाने धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली फौजदारी खटल्यात गैरलागू ठरवतं. "पोलिसांत देत नाही" हे आमिषच झालं.

मी विश्वासाच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण एक कांडीवाली, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरणारी बाई आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात सुताच्या गोण्या कमी भरल्या. दिवाणजी मराठीत ओरडत होते, बाई उभी होती. "तू घेतलंस?" "हो साहेब." मी विचारलं, "म्हणजे तुम्ही नाही घेतलं?" "हो साहेब." घाबरून ती प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती. मग तेलुगू बोलणाऱ्या एका सहकारी बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "अक्का, तिन्नारा?" जेवलात का? ती जेवली नव्हती. अर्ध्या तासाने, पोटात दोन घास गेल्यावर तिने सांगितलं की त्या संध्याकाळी गोण्या रंगखान्याच्या टेम्पोत चढताना तिने पाहिल्या होत्या. गेटपासची नोंद दुसऱ्या दिवशीच्या पानावर सापडली. चोरी झालीच नव्हती.

मात्र विश्वास म्हणजे गोड बोलणं नव्हे. 'अक्का' म्हणून जवळ करायचं, "तुला काही होणार नाही" म्हणायचं आणि तिच्याच तोंडून तिला अडकवायचं, ही दरडावणीपेक्षा वाईट फसवणूक आहे. का बोलावलंय, काय लिहून घेणार, ते कोण वाचणार, हे सुरुवातीलाच सांगा. मग "त्या दिवशी पाळीवर आल्यापासून सांगा" म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

खोटं बोलणाऱ्यासमोर ही रीत ढिली पडेल असं वाटतं. उलट आहे. गेटपास तुमच्याकडे आहे हे आधी सांगू नका. त्याला पूर्ण बोलू द्या, कागद नंतर ठेवा. त्याचं म्हणणं कागदाशी जुळत नाही, हे तुम्ही न ओरडताच दिसतं.

तोटा एकच, वेळेचा. कागदपत्रं वाचायला एक दिवस, बसायला दोन तास. तेवढा वेळ नसेल तर चौकशी उद्यावर ढकला, पण दरडावणीकडे वळू नका. तक्रार लैंगिक छळाची असेल तर ती तुमच्या अखत्यारीतच नाही, 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाऊ द्या.

आपल्या गावात तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं एकाच छपराखाली काम करतात. म्हणून मराठीत लिहिलेला जबाब सही किंवा अंगठ्याआधी त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवा, आणि त्याने सांगितलेली दुरुस्ती त्याच्यासमोरच करा.