स्वस्त दर आणि टेपचं दुसरं टोक

गावाकडे प्लॉट, मालक नोकरीला पुण्यात नाहीतर सुरतेला, साइटवर लक्ष ठेवायला सत्तरीतले वडील, आणि 'मटेरियलसकट' दर घेऊन दारात आलेला ओळखीतलाच ठेकेदार. तालुक्याच्या गावात घर बांधताना लोक फसतात ते अशा ठिकाणी. दर बघून सगळे खूश होतात. माप कशाचं धरणार, हे त्या बैठकीत कोणी विचारत नाही.

आकडे उदाहरणापुरते घेऊ. घर बाहेरून बाहेर 25 फूट बाय 40 फूट, म्हणजे 1000 चौरस फूट. एक ठेकेदार चौरस फुटाला 1950 रुपये दर सांगतो, दुसरा 1800. दुसऱ्याला काम मिळतं. करारात, करार केलाच असेल तर, 'स्लॅब एरियाप्रमाणे बिल' एवढी एक ओळ असते. आता चारी बाजूंना दोन फुटांचा छज्जा आहे, म्हणून स्लॅब भरतो 29 बाय 44, म्हणजे 1276 चौरस फूट. 1800 च्या दराने बिल होतं 22 लाख 96 हजार 800. महागवाला भिंतीच्या बाहेरच्या मापाने घेणार होता. त्याचे झाले असते साडेएकोणीस लाख. म्हणजे पहिली वीट लागायच्या आधीच स्वस्तातला माणूस जवळपास साडेतीन लाखांनी महाग पडला. आणि याला फसवणूकही म्हणता येत नाही, कारण सही तुमचीच असते.

म्हणून दराच्या आधी मापाची ओळ लिहून घ्या: भिंतीच्या बाहेरून बाहेर, छज्जा मोजायचा नाही किंवा अमुक कमी दराने मोजायचा, जिना एकदाच, गॅलरी अर्धी की पूर्ण. जोतं किती उंच, पाण्याची टाकी, शोषखड्डा, सामान ठेवायचे पोटमाळे, विजेचे पॉइंट किती, हेही लिहा. नाहीतर शेवटी या सगळ्याला 'एक्स्ट्रा' हे एकच नाव असतं.

आता लोखंड. यात नुकसान पैशाचं कमी आणि घराचं जास्त होतं, शिवाय ते काँक्रीटखाली झाकलं जातं. सळईचं वजन काढायची रीत साधी आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, 162 ने भागा, आलेला आकडा म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. 8 मिमीची सळई मीटरला 395 ग्रॅम, 10 ची 617, 12 ची 888, 16 ची 1580. भारतीय मानक 1786 प्रमाणे थोडी तूट चालते. एका नमुन्याला 10 मिमीपर्यंत 8 टक्के, त्यापुढे 16 पर्यंत 6 टक्के. म्हणजे 8 ची सळई 363 ग्रॅमच्या खाली आणि 12 ची 835 च्या खाली गेली तर माल परत. कटरने बरोबर एक मीटरचा तुकडा काढा, टोकं सरळ असू द्या, आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. व्हर्नियर घेऊन जाडी मोजायला जाऊ नका. सळईवरच्या उंच रेघांवर तो टेकतो आणि हलकी सळईही बाराची दाखवतो.

लोखंड तुम्ही स्वतः आणणार असाल तर दुसरी गंमत बघा. 12 मिमीची 12 मीटर लांबीची सळई हिशेबाने 10.66 किलोची. दुकानदार शंभर नग मोजून 1066 किलोचं बिल करतो. माल 8 टक्के हलका असेल तर गाडीत 980 किलोच असतात. नगावर बिल घेऊच नका. काट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वजनं एकाच काट्यावर, एकाच दिवशी, तुमच्या समोर. भरलेल्या गाडीच्या वजनात स्टेपनी, जॅक, ताडपत्री आणि हमाल असतात, रिकाम्या वेळी यातलं काहीच गाडीवर नसतं. हे प्रकार जुने आहेत, पण अजून चालतात.

मटेरियलसकट काम असेल तर सळईची जाडी बदलणं आणि अंतर वाढवणं हे दोन उद्योग होतात. 12 च्या जागी 10 टाकली की लोखंड 30 टक्के कमी. 16 च्या जागी 12 टाकली तर 44 टक्के कमी. ऐकायला चारच मिलिमीटर! स्लॅबमध्ये ड्रॉइंगला 6 इंचांवर सळई असेल आणि जागेवर 8 इंचांवर बांधली तर चौथा हिस्सा गेला. दोन सळ्यांमधल्या एकाच गाळ्याला टेप लावून हे कळत नाही, कारण तुम्ही उभे असता तिथला गाळा नीट असतो. सलग दहा गाळे मोजा. 6 इंचांच्या हिशेबाने ते 5 फूट भरले पाहिजेत. साडेसहा भरले तर सेंटरिंगवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, ठेकेदाराला बोलवा. खोलीच्या मधोमध मोजा, कडेला नको. कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधलेल्या रिंगाही अशाच मोजायच्या, आणि रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलेली आहेत का ते बघायचं. दोन सळ्यांचा जोड सळईच्या जाडीच्या 50 पट धरला तर 12 मिमीला 60 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन फूट होतो. एक फुटावर भागवलेला जोड सहज ओळखू येतो. हे तपासायला हातात आरसीसी डिझायनरचं, म्हणजे लोखंड आणि काँक्रीटचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचं, सही केलेलं ड्रॉइंग हवं. त्याची फी वाचवणारा मालक ठेकेदाराला फार आवडतो, कारण मग जाडी आणि अंतर तोच ठरवतो.

वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. समजा डंपरची बॉडी आतून 14 फूट लांब, 7 फूट रुंद, 3 फूट उंच. 294 घनफूट, म्हणून 'तीन ब्रास'. ड्रायव्हर टेप धरतो, दुसरं टोक वडिलांच्या हातात देतो आणि ढिगाच्या शिखरापाशी उंची दाखवतो. कोपऱ्यात माल फळीच्या अर्धा-पाऊण फूट खाली असतो. सपाट केला तर सरासरी भरते अडीच फूट: 245 घनफूट, अडीच ब्रासही नाही. त्यात वाळू ओली. थोडी ओली वाळू फुगते, कारण कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. बारीक वाळूत 5-6 टक्के ओलाव्याला 25 टक्क्यांपर्यंत फुगवटा सहज येतो. 245 ला सव्वाने भागा: 196. तीन ब्रासचे पैसे दिले, वाळू आली दोन ब्रासहूनही कमी.

फुगवटा तपासायला काचेची सरळ बरणी पुरते. ओली वाळू न दाबता 20 सेंटिमीटरपर्यंत भरा. वरून पाणी ओतून काठीने ढवळा आणि बसू द्या, कारण पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा मूळ मापावर येते. पातळी 16 वर आली तर फुगवटा 25 टक्के. उंची मोजायची ती माल सपाट करून, चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी सळई तळापर्यंत खुपसून. सळई मध्येच कशाला अडली तर गाडी खाली करूनच बघा. सगळ्यात बरं म्हणजे वजनावर घ्या. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते. पाणी आकारमान 25 टक्के वाढवत असेल तरी वजन 5-6 टक्केच वाढवतं, त्यामुळे काट्यावर फसायला जागा कमी.

स्लॅबच्या दिवशी सगळे चहा-नाश्त्याच्या गडबडीत असतात. 1000 चौरस फूट, 5 इंच जाडीचा स्लॅब म्हणजे 11.8 घनमीटर काँक्रीट. एम 20, म्हणजे चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या प्रमाणात घनमीटरला 8 गोण्या धरल्या तर एकट्या स्लॅबला, बीम सोडून, 95 गोण्या लागतात. जाडी 4 इंच केली की 76. एका इंचात 19 गोण्या, शिवाय त्याच हिशेबाने खडी, वाळू आणि मजुरी. कडेची फळी मात्र 5 इंचांचीच लावतात, कारण मालक कड बघतो. म्हणून जाड तारेला 5 इंचांवर रंगाची खूण करा आणि ओल्या काँक्रीटमध्ये खोलीच्या मध्यभागी दहा-बारा ठिकाणी खालच्या सेंटरिंगच्या प्लेटपर्यंत टोचून बघा. स्लॅब झाल्यावर संशय आला तर बाथरूमच्या पाइपसाठी सोडलेल्या भोकातून जाडी मोजता येते.

गोण्या मोजायला रिकाम्या पिशव्यांवर विसंबू नका. मागच्या साइटच्या पिशव्या त्यात सहज मिसळतात. भरलेल्या गोण्या उतरताना मोजा, प्रत्येकीवर रंगाची रेघ ओढा, आणि रिकामी झाली की कोपरा कापून वेगळी टाका. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नका. मापासाठी 35 लिटरचा फर्मा, आतून 30 बाय 30 बाय 39 सेंटिमीटर: गोणीला वाळू दीड फर्मा, खडी तीन. शिगेच्या घमेल्यांनी हे प्रमाण पाळलं जात नाही. पाणी गोणीला 30 लिटरच्या वर नको, त्यातही वाळूतलं पाणी वजा करून. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून मजूर पाइप मिक्सरमध्येच सोडून ठेवतो आणि मग उत्तम सिमेंटही वाया जातं.

काँक्रीटची ताकद बघायला त्याचे ठोकळे करून फोडतात, त्या चाचणीत फसवणूक करणं तर फारच सोपं. ठेकेदार वेगळं, सिमेंट जास्त घातलेलं काँक्रीट करून साचे भरतो आणि अहवाल झकास येतो. तुम्ही स्वतः मधल्याच एखाद्या घाण्यातून 15 सेंटिमीटरचे तीन ठोकळे भरून घ्या आणि ओल्या पृष्ठभागावर खिळ्याने तारीख व सही कोरा. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत 28 दिवसांनी ते फोडतात. 450 किलोन्यूटनच्या आत फुटला तर तो ठोकळा एम 20 च्या ताकदीला पोचला नाही. प्लेटा लवकर काढायची घाई भाड्यासाठी असते. आधारापासून आधारापर्यंत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्यात 14 दिवस हलवू देऊ नका.

पैशाचे हप्ते कसे पडतात ते शेवटी सांगतो, पण घर अर्धवट राहतं ते बहुधा त्यांच्यामुळेच. आगाऊ, जोतं आणि स्लॅब या तीन टप्प्यांत 75-80 टक्के रक्कम गेलेली असते. सांगाडा उभा राहिला की घर होत आलंय असं वाटतं, पण प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, दारं-खिडक्या आणि रंग हा मोठा खर्च पुढेच असतो. हातात 80 टक्के आलेल्या माणसाला तो करण्यात रस उरत नाही. फोन लागतो, मिस्त्री येत नाही. हप्ते झालेल्या कामाच्या मागे ठेवा आणि 5 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हाताशी राखून ठेवा.

काम फसलंच तर घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरली जाते. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, आणि कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. तिथे करार, बँकेतून दिलेले हप्ते, ड्रॉइंग, ठोकळ्यांचा अहवाल आणि सळई बांधलेल्या अवस्थेतले टेप लावून काढलेले फोटो उपयोगी पडतात. रोख दिलेल्या पैशाबद्दल तोंडी शपथा फारशा चालत नाहीत. काट्याच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात. पत्र्याच्या पेटीत ठेवल्या तरी वर्षभरात अक्षरं उडून कोरा कागद उरतो, तेव्हा पावती हातात पडली की काट्यावरच उभं राहून तिचा फोटो काढा.