लघवी तपासणीची दोन मशिन्स: आठ महिन्यांनंतर

गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये नोव्हेंबरपासून लघवीच्या तपासणीला कॅमेऱ्याचं मशीन आहे, नाशिकरोडच्या शाखेत फ्लो सायटोमेट्रीचं. माझी ड्युटी दोन्हीकडे लागते.

कॅमेऱ्याचं मशीन क्युव्हेट (नमुन्याची छोटी पारदर्शक डबी) फिरवून तळाशी बसलेल्या पेशींचे फोटो काढतं. फ्लोमध्ये फ्लुरोसंट रंग दिलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. बॅक्टेरिया आणि पस सेल (पांढऱ्या पेशी) मोजायला मला फ्लोच सरस वाटलं. कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) न लावण्याजोगे नमुने त्यावर पटकन वेगळे निघतात. पण कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले साचे) किंवा क्रिस्टल आले की फोटो लागतातच. लहान लॅबवाल्यांनी विचारलं तर मी कॅमेऱ्याचंच घ्या म्हणते.

एप्रिलमधला सिन्नरचा एक नमुना सांगते. मशीनने भरपूर आरबीसी (तांबड्या रक्तपेशी) दाखवले, स्ट्रिपवर (लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीवर) मात्र रक्त निगेटिव्ह. पेशंट व्हिटॅमिन सी घेत असेल तर स्ट्रिप फसते, म्हणून नुसत्या स्ट्रिपवर विसंबून चालणार नव्हतं. फोटो उघडले. गोल गोल दाणे, काहींना बारीक कोंब फुटल्यासारखे. स्लाइडवर दोन टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडला. आरबीसी असते तर फुटून दिसेनासे झाले असते. हे जसेच्या तसे राहिले. यीस्ट होतं ते. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या बाईंना विनाकारण सोनोग्राफीला पाठवलं असतं. तेव्हापासून स्ट्रिप आणि मशीन जुळलं नाही की मी स्लाइड लावतेच, कितीही गर्दी असो.

थंडीचा त्रास वेगळा. डिसेंबरात निफाडकडून सकाळी निघालेले नमुने गार होऊन गढूळ व्हायचे, तळाशी गुलाबी गाळ. हे युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचे क्षार, फ्लोची मोजणी बिघडवतात. डबी कोमट पाण्यात धरली की गाळ बराचसा विरघळतो. त्यापेक्षा नमुना दोन तासांत पोचवणं बरं, हे कलेक्शनच्या मुलांना सांगून सांगून आता कुठे जमायला लागलंय.

सुरुवातीला एककांनीही घोळ घातला. पस सेल ४० वाचून एका डॉक्टरांनी काळजीने फोन केला. तो आकडा मायक्रोलिटरमागचा होता. त्यांच्या सवयीच्या हाय पॉवर फील्डला (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या भागाला) तो साधारण सातआठच भरतो. आता रिपोर्टवर दोन्ही एककं छापतो.