रास्पबेरी पाय ४ साठी बिननावाची साटा-यूएसबी केबल: चालते, पण लाड पुरवावे लागतात

रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड; ही केबल त्याला लॅपटॉपची डिस्क जोडते. अडीच इंची एसएसडी (चिपवरची, न फिरणारी डिस्क) असेल तर निळ्या पोर्टात केबलचं काम चोख. जुन्या लॅपटॉपची फिरती डिस्क लावली की रडगाणं: टिकटिक आवाज, आणि डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) डिस्क येते-जाते. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. डिस्क फिरायला लागताना एकटीच १ अँपिअरच्या आसपास ओढते. मोबाइलचा चार्जर नकोच. बोर्डाला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर द्या, डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब.

दुसरी खोड केबलमधल्या चिपची. मोठी फाइल कॉपी होताना मध्येच अडकते, लॉगमध्ये 'यूएएस' (डिस्कशी वेगाने बोलायची यूएसबीची पद्धत) आणि 'रीसेट' दिसतं. एलएसयूएसबी (lsusb) कमांडने केबलचे चार-चार अक्षरी दोन कोड बघा. बूट विभागातल्या सीएमडीलाइन (cmdline.txt) फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्सला (usb-storage.quirks=) ते कोलन घालून द्या, शेवटी आणखी एक कोलन आणि स्मॉल यू; म्हणजे यूएएस बंद. सगळं एकाच ओळीत. एंटर दाबायचं नाही. वेग घटतो, पण वावरातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला पुरून उरतो.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क जोडायची ती यादी, /etc/fstab) एसडीए१ हे बदलू शकणारं नाव नको, यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) लिहा. सोबत नोफेल (nofail, म्हणजे डिस्क नसली तरी बूट पुढे चालू दे) हवंच. आपल्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही. परत आल्यावर डिस्क सापडली नाही तर बोर्ड इमर्जन्सी मोडमध्ये बसून राहतो, आणि स्क्रीन-कीबोर्ड उचलून वावर गाठावं लागतं. डिस्कचा फॉरमॅट लिनक्सचा ईएक्सटी४ ठेवा.

फिरती डिस्कच वापरायची असेल तर हबाचे पैसे धरूनच केबल स्वस्त की महाग ते ठरवा.